रेसिपी फॉर डिझास्टर: बारोज ग्लोव्ह्ज मिळवताना या चुका टाळा

ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममधल्या लंब्रिज-ड्रेनर डायरीच्या (त्या भागातल्या कामांच्या यादीच्या) हार्ड टप्प्यात एक काम आहे: लंब्रिज किल्ल्याच्या तळघरातल्या पेटीतून बारोज ग्लोव्ह्ज विकत घ्या. किंमत 1,30,000 नाणी. पण पैसे असून भागत नाही, कारण त्याआधी 'रेसिपी फॉर डिझास्टर' ही क्वेस्ट (मोहीम) पूर्ण करावी लागते. 2006 साली आलेली ही गेमची शंभरावी क्वेस्ट. मेजवानीला जमलेले पाहुणे काळात थिजलेत, आणि प्रत्येकाला त्याच्या आवडीचा पदार्थ खिलवून सोडवायचं. इतकी गमतीदार क्वेस्ट या गेममध्ये क्वचितच सापडेल. अडकणारे मात्र बहुतेक जण लढाईत नाही, तयारीत अडकतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाहुणे एकेक करून हातावेगळे करायचे आणि पुढची अट तेव्हाची तेव्हा बघायची. सहा बॉसशी होणाऱ्या शेवटच्या लढाईला 175 क्वेस्ट पॉइंट (क्वेस्ट पूर्ण केल्यावर मिळणारे गुण) लागतात, शिवाय डेझर्ट ट्रेझर I आणि हॉरर फ्रॉम द डीप या क्वेस्ट झालेल्या असाव्या लागतात. सर अमिक वार्झ या एका पाहुण्यासाठीच 107 पॉइंट हवेत. माकडांचा राजा अवोवोगेई या पाहुण्याच्या भरल्या सापाला कुकिंग 70 आणि अ‍ॅजिलिटी 48. ही यादी पहिल्याच दिवशी समोर ठेवा.

एव्हिल डेव्ह या पाहुण्याच्या स्ट्यूपाशी लोक सर्वांत जास्त वैतागतात. एजव्हिलमध्ये डॉरिसच्या तळघरात मांजर सोडून हेल-रॅट पकडायचे, त्यातून लाल, केशरी, तपकिरी आणि पिवळा मसाला मिळतो. मित्राचं प्रमाण विचारून काही उपयोग नाही, कारण ते प्रत्येक खेळाडूसाठी वेगळं असतं. एका वेळी एकाच मसाल्याचं प्रमाण बदला आणि प्रत्येक प्रयत्न कागदावर लिहा. तीन मसाले एकदम बदलले तर नेमकं काय जुळलं ते कळणारच नाही. मांजरही आधीपासून वाढवा. पिल्लाला खाऊपिऊ घातलं नाही, लाड केले नाहीत, तर ते पळून जातं.

आइस ग्लोव्ह्ज आधीच आणून ठेवा. व्हाइट वुल्फ माउंटनखालच्या आइस क्वीनकडे ते मिळतात. तिथवर जायला पिकअ‍ॅक्स आणि मायनिंग 50 लागतं. बुटक्या पाहुण्यासाठी लागणारा रॉक केक इतका तापलेला असतो की उघड्या हातांनी उचलला तर चटका बसून आरोग्य घटतं. पुढे शेवटच्या लढाईत फ्लॅम्बीड नावाचा पेटता बॉस आइस ग्लोव्ह्ज नसतील तर हातातलं शस्त्रच सोडायला लावतो.

काही गोष्टी हमखास बँकेत राहून जातात: झनारिस या पऱ्यांच्या नगरीत जाताना ड्रामेन स्टाफ, एव्हिल चिकनच्या देवळासाठी कच्चं चिकन, काळ्या ड्रॅगनसाठी अँटी-ड्रॅगन शील्ड. एप अ‍ॅटॉलला अवोवोगेईच्या सापासाठी जाताना गोरिला, निंजा आणि झोंबी असे तिन्ही ग्रीग्री (माकडाचं रूप देणाऱ्या वस्तू) न्या, माकडांशी बोलायला एम'स्पीक अ‍ॅम्युलेटही.

शेवटच्या लढाईत प्रेयर (प्रार्थनेतून मिळणारं संरक्षण वगैरे) चालत नाही. नुसत्या प्रोटेक्शनवर बॉस मारायची सवय असलेले इथेच पडतात, म्हणून खाणं भरपूर घ्या. कॅरामेल हा बॉस गोठवतो आणि स्टॅट (कौशल्यांचे आकडे) उतरवतो, तेव्हा रिस्टोर पोशन हवंच. जिलॅटिनॉथ मदर ही बॉस रंग बदलते आणि प्रत्येक रंगाला वेगळा हल्ला लागतो: पांढऱ्याला हवेचा मंत्र, निळ्याला पाण्याचा, तपकिरीला मातीचा, लालला आगीचा, हिरव्याला धनुष्य, केशरीला तलवार. एकाच शस्त्राने मारत बसलात तर तिचं काहीच बिघडत नाही. दोन बॉसच्या मध्ये पोर्टलमधून बाहेर येता येतं आणि मारलेला बॉस पुन्हा उभा राहत नाही, तेव्हा सहाही एका दमात उरकायचा हट्ट नको. बाहेर या, बँकेतून सामान भरा, मग मदरसाठी रून्स (मंत्रांना लागणारे दगड) घेऊन परत जा.