'छान आहे'च्या पुढे

साताऱ्यात आठवीला मराठी शिकवते. निबंध झाले की शेजारच्याने वही तपासायची, असं मागल्या वर्षी सुरू केलं. शेरे दोनच यायचे: 'छान आहे' आणि 'अक्षर सुधार'. दोस्ती असेल तर पहिला, नसेल तर दुसरा!

मग तपासयादी केली, पंधरा मुद्द्यांची. पोरांनी न वाचताच बरोबरच्या खुणा ठोकल्या. चूक माझीच. 'भाषा प्रभावी आहे का?' याला कोणीही 'हो'च म्हणणार. म्हणून चारच मुद्दे ठेवले आणि प्रत्येकात हाताला काम दिलं: लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेल्या गोष्टीच्या वाक्याखाली रेघ मार, अडखळलास तिथे प्रश्नचिन्ह टाक, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला नुसता गोल कर, दुरुस्ती ज्याची त्याने करायची, शेवटी लिहिणाऱ्याला एक प्रश्न विचार.

कास पठारावर एकीने लिहिलं होतं, 'तिथे खूप सुंदर फुले असतात.' मैत्रिणीने समासात विचारलं, 'कुठली? तू गेलीस तेव्हा होती का?' दुसऱ्या खर्ड्यात सप्टेंबरचं धुकं आलं, जांभळी-निळी सीतेची आसवं आली आणि घाटात गाडी लागून झालेली उलटीसुद्धा.

पत्रलेखनाला ही यादी चालत नाही, तिथे मायना आणि तारीख घालावी लागते.