अमरिलिस दरवर्षी फुलवायची असेल तर

अमरिलिसची फुलं सुकली की बहुतेक घरांत ती कुंडी कोपऱ्यात सरकते. झाडाचं काम झालं, आता पुढच्या वर्षी बघू, असं वाटतं. पण पुढच्या वर्षीच्या फुलांची तयारी नेमकी याच दिवसांत चालू असते.

अमरिलिसचा मोठा कंद उभा चिरून पाहिला, तर कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या आत, अगदी मध्याजवळ, एकाहून जास्त फुलांचे कोंब दडलेले दिसतात. एक येत्या हंगामाचा, दुसरा त्यानंतरचा. कळीची सुरुवात ती बाहेर दिसण्याच्या वर्षभर किंवा त्याहूनही आधी झालेली असते. हे कोंब ठरावीक क्रमाने धरतात: साधारण चार पानं, मग एक फुलदांडा, पुन्हा चार पानं, पुन्हा एक दांडा. म्हणून माझा सगळा भर पानांवर आहे. विश्रांती, अंधार, पाणी तोडणं याबद्दल लोक पुष्कळ विचारतात, पण ज्या कंदाला वर्षभरात दोनच पानं आली, त्याला कितीही झोपवलं तरी तो फुलणार नाही.

१. फुलं ओसरल्यावर

सुकलेलं फूल काढताना त्यामागची हिरवी गाठही खुडा. तिथेच बी धरतं आणि कंदाची ताकद त्यात जाते. दांडा मात्र हिरवा असेपर्यंत राहू द्या, कारण पानांसारखंच तोही अन्न तयार करतो. तो पिवळा पडून लिबलिबीत झाला की कंदापासून चार-पाच सेंटीमीटर वर कापा. सुरी स्वच्छ हवी, आणि एका कुंडीकडून दुसरीकडे जाताना ती पुन्हा पुसून घ्या, कारण पानांवर पिवळे-हिरवे पट्टे आणणारा विषाणू रसातून पसरतो.

पानं कापू नका, आणि ती वाकली म्हणून गाठ मारून बांधूही नका.

२. पानांचा हंगाम

खरी मेहनत इथे आहे, आणि हा काळ सहा-सात महिन्यांचा असतो. फुलून गेलेला कंद हाताला हलका आणि किंचित पोकळ लागतो, कारण साठवलेलं सगळं त्याने फुलात ओतलेलं असतं. ते भरून काढायला ऊन लागतं. घरातल्या खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, पण झाडाला तो बहुधा पुरत नाही. थंडी सरली की कुंडी बाहेर काढा. पहिला आठवडा-दहा दिवस सावलीत, मग सकाळच्या उन्हात, असं हळूहळू सरावू द्या. एकदम कडक उन्हात ठेवलं तर घरात वाढलेली कोवळी पानं भाजून पांढरी पडतात. एकदा सवय झाली की रोज पाच-सहा तास ऊन मिळालं तर उत्तमच. दुपारचं ऊन फारच प्रखर असेल तर तेवढा वेळ आडोसा असावा.

मातीचा वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर सुकला की भरपूर पाणी द्या आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाका. पाणी मातीवर घाला, कंदाच्या मानेत नको. दर दोन-तीन आठवड्यांनी विद्राव्य खत पातळ करून द्यावं. नत्र जास्त असलेल्या खताने पानं लांब आणि मऊ होतात, म्हणून नत्र, स्फुरद आणि पालाश समतोल असलेलं किंवा पालाश थोडा अधिक असलेलं खत मला बरं वाटतं.

या काळात पानं मोजत राहा. चारपेक्षा कमी असतील तर ऊन किंवा खत कमी पडतंय. सहा-आठ रुंद, ताठ पानं म्हणजे कंद भरतोय.

पानांवर किंवा कंदावर लालसर-तपकिरी चट्टे उठले तर ती बुरशी असते. तो भाग कापून टाका, वरून पाणी शिंपडणं थांबवा, झाडाला हवा खेळू द्या. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात, अगदी खोल बसतो, तिथे बोटाने उघडून बघावं लागतं.

३. विश्रांती

आपण ज्याला अमरिलिस म्हणतो ते झाड खरं तर हिपिअॅस्ट्रम, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. वनस्पतिशास्त्रातली अमरिलिस दक्षिण आफ्रिकेतली, आणि तिची रीत वेगळी. आपल्या कुंडीतले बहुतेक कंद संकरित आहेत. पहिला प्रसिद्ध संकर १७९९ साली इंग्लंडमधल्या आर्थर जॉन्सन या घड्याळजीने केला असं मानतात. पुढे अनेक रानटी जाती एकमेकींत मिसळल्या, त्यामुळे कुठला कंद सगळी पानं टाकून गाढ झोपतो, तर कुठला वर्षभर हिरवा राहतो. पापिलिओ या फुलपाखरासारख्या फुलांच्या जातीची पानं तर सहसा जातच नाहीत. तिला जबरदस्तीने झोपवू नका, फक्त पाणी थोडं कमी करा.

बाकीच्यांसाठी: पानांचा हंगाम पुरा झाला की खत बंद करा आणि पाणी हळूहळू तोडा. पानं पिवळी पडून आपोआप सुटली की काढा. कुंडी कोरड्या जागी, १० ते १५ अंश सेल्सियसला, ८ ते १० आठवडे ठेवा. कंद कुंडीतून उपटण्याची गरज नाही. त्याच्या जाड, मांसल मुळ्या जिवंत असतात आणि त्या राखल्या तर पुढची सुरुवात जोमाने होते. इतका गारवा मिळत नसेल तरी हताश होऊ नका, नुसतं कोरडं ठेवूनही पुष्कळ कंद फुलतात. गारठा मात्र सोसत नाही, शून्याखाली तापमान गेलं तर कंद सडतो.

मधूनच कोंब डोकावला तर आठवडे मोजत बसू नका. कुंडी लगेच उजेडात आणा.

४. जागं करणं

वरची जुनी माती हलक्या हाताने काढून ताजी, निचऱ्याची माती घाला. कुंडी तीन-चार वर्षांनीच बदला, आणि नवी कुंडी कंदापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन बोटंच मोठी घ्या. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा तरी मातीबाहेर हवा. एकदा चांगलं पाणी द्या, २० अंशांच्या आसपास उबदार, उजेडाच्या जागी ठेवा, आणि कोंब दिसेपर्यंत हात आवरा. या टप्प्यावर जास्त पाण्याने जितके कंद सडतात तितके दुसऱ्या कशाने सडत नाहीत.

कोंब चपटा, टोकाशी भाल्यासारखा आणि मध्ये फुगीर असेल तर तो दांडा. सरळ, जिभेसारखा असेल तर पान. फुलं साधारण सहा ते आठ आठवड्यांत येतात. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून कुंडी दर दोन दिवसांनी थोडी फिरवा.

नुसती पानंच आली तर

कंदाच्या सर्वांत रुंद भागाभोवती दोरा गुंडाळून मोजा. घेर २० सेंटीमीटरपेक्षा बराच कमी भरला, तर त्याला आणखी एक हंगाम ऊन आणि खत द्या, झोपवू नका. विकत आणलेला कंद पहिल्या फुलानंतरच्या वर्षी न फुलणं अगदी नेहमीचं आहे. मेणात बुडवून विकलेल्या कंदाचं मेण सोलून बघा. तळाची चकती कापलेली असेल तर मुळ्या फुटायची आशा फार थोडी.

कंदाला पिल्लं आली असतील तर त्यांना स्वतःच्या मुळ्या आणि दोन-तीन पानं येईपर्यंत आईजवळच ठेवा. मग माती बदलताना वेगळी करा. त्यांना फुलायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात. काढलेले कंद मात्र कांद्यांच्या जवळ ठेवू नका आणि मांजर-कुत्र्यांच्या वाटेतही नको: दिसायला सारखे असले तरी ते विषारी असतात.