सेन्सर नेटवर्कच्या देखभालीला रोबोट लावताय? या चुका टाळा

द्राक्षबागेत मातीची ओल मोजणारे वायरलेस नोड बसवले आणि त्यांच्या देखभालीला रोबोट ठेवला, की सगळ्यात महाग पडते ती एक समजूत: गप्प बसलेला नोड म्हणजे मेलेला नोड.

बॅटरी वाचवायला नोड बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. तो ३० सेकंदांतून एकदा जागा होत असेल आणि रोबोट सेकंदाला अर्धा मीटर चालत असेल, तर तेवढ्यात रोबोट १५ मीटर पुढे निघून जातो. म्हणून नोडपासून मीटरभरावर दीड मिनिट थांबून संदेश पाठवत राहा. उत्तर आलं तर नोड धडधाकट आहे, अडचण वाटेत आहे. ओली पानं २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतात. अँटेना पालवीच्या वर काढून बघा.

रोबोट जवळ गेल्यावरच पॅकेट, म्हणजे नोडने पाठवलेले माहितीचे तुकडे, गळतात? मग रोबोटचंच वाय-फाय तपासा. ते चॅनेल ६ वर असेल तर झिगबीची, म्हणजे नोड ज्या रेडिओ पद्धतीने बोलतात तिची, १६ ते १९ ही चॅनेल त्याच्या पट्ट्यात येतात. रोबोटच्या कॅमेऱ्याचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. ते जमत नसेल आणि वाय-फाय १, ६ किंवा ११ वर असेल, तर नोडचं नेटवर्क झिगबीच्या २५ किंवा २६ चॅनेलवर हलवा. काही मॉड्यूल २६ वर कमी ताकदीने प्रसारण करतात, तेवढं पाहून घ्या.

याहून फसवी चूक राउटिंगची, म्हणजे पॅकेटचा मार्ग ठरवण्याची. रोबोट शेजारी उभा असला की त्याचा सिग्नल सगळ्यात जोरदार, त्यामुळे आरपीएल ही मार्ग ठरवणारी पद्धत वापरणारे नोड त्यालाच पालक, म्हणजे आपली पॅकेट पुढे नेणारा, निवडतात. रोबोट हलला की ते सगळे पोरके! दुरुस्ती झाली, पण तासाभरात चार धड नोड गायब, असं दिसलं तर कारण बहुधा हेच. रोबोटला लीफ, म्हणजे इतरांची पॅकेट पुढे न नेणारं टोक, म्हणूनच जोडा, त्याला मार्ग जाहीर करू देऊ नका.

बदललेल्या नोडला जुनाच पत्ता देऊ नका. जुना कधी शुद्धीवर आला तर एका पत्त्यावर दोघे बोलू लागतात. नवा पत्ता द्या, जागेची नोंद सर्व्हरवर बदला आणि त्या सेन्सरचं कॅलिब्रेशनही (मापन जुळवणीचे आकडे) भरा.

बॅटरी बदलायची रोबोटची फेरी व्होल्टेज बघून ठरवत असाल, तर लिथियम थायोनिल क्लोराइड सेल दगा देतो: जवळजवळ संपेपर्यंत ३.६ व्होल्टच्या आसपास राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्याऐवजी प्रत्येक नोडने किती वेळा प्रसारण केलं ते मोजा. गेटवेलगतचे (सगळी माहिती सर्व्हरकडे पाठवणाऱ्या यंत्राजवळचे) नोड इतरांचीही पॅकेट वाहतात, त्यामुळे त्यांचा आकडा आधी चढतो. फेरी तिथूनच सुरू करा.