देवगड हापूस चवीवरून ओळखता येतो का? घरी अशी घ्या परीक्षा

दर मे महिन्यात घरोघरी हा वाद होतो. एक जण म्हणतो, डोळे मिटून देवगड ओळखेन. दुसरा म्हणतो, कर्नाटकी हापूस दिला तरी तुला कळणार नाही. मग कोणीतरी दोन वाट्या पुढे करतं आणि विचारतं, 'सांग, यातला देवगड कुठला?' अशी परीक्षा घेऊच नका. दोनातून एक निवडायचं तर निव्वळ अंदाजानेही निम्म्या वेळा बरोबर येतं. त्यातून काहीच कळत नाही.

1. आंबे. दोन्हीकडचे सहा-सहा. पेटीवरच्या छापील नावावर जाऊ नका. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तरी ओळखीच्या बागायतदाराकडून आणलेला आंबाच धरा.

2. दोन्ही रस सारखे करणे. सगळी परीक्षा इथे बिघडते. माझी दोनदा बिघडली. पहिल्या वर्षी घरातल्या पाचही जणांनी देवगड बरोबर ओळखला, सासरे तर दिवसभर खुशीत होते. रात्री पातेली घासायला टाकण्याआधी मी उरलेला रस बोटाने चाखला. कर्नाटकी रस जिभेच्या कडांना आंबूस लागला. ते आंबे पुरते तयारच झाले नव्हते! आमच्या मंडळींनी ओळखला होता तो आंबटपणा, देवगड नव्हे. पुढच्या वर्षी आंबे नीट पिकवले, पण एक पातेलं फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढलं. थंड पदार्थाचा गोडवा कमी जाणवतो, त्यामुळे गार रस सगळ्यांनी 'कर्नाटकी' ठरवला. तो देवगड होता.

तेव्हापासून माझे नियम पक्के आहेत. दोन्ही आंबे एकाच खोलीत, एकाच दिवशी अढीत. सालीचा रंग बघून तयार ठरवू नका. देठाजवळ हलकेच दाबा, वास घ्या. सहापैकी सारखे पिकलेले चार-चार निवडा आणि चारांचा रस एकत्र करा, कारण एकाच झाडाचे दोन आंबेही सारखे नसतात. एकाच चाळणीतून दोन्ही गाळा, नाहीतर जीभ चव सोडून रेषा पकडते. साखर, दूध, वेलदोडा, मिठाची चिमूट यांतलं काहीही नको. शेवटी परीक्षेला न बसणाऱ्या माणसाला दोन्ही रस चाखायला द्या आणि एवढंच विचारा: 'यातला आंबट कुठला?' त्याने लगेच बोट दाखवलं तर परीक्षा रद्द करा, पुऱ्या तळा आणि रस खाऊन टाका.

3. डोळे बांधा. दोन रसांचा रंग सहसा वेगळा असतो, आणि रंग दिसला की माणूस रंगाचीच चव सांगतो. बोर्दोमधल्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात शिकाऊ जाणकारांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. तुमचे काका त्याला अपवाद असतील असं मानू नका.

4. आठ वाट्या. चार देवगड, चार कर्नाटकी. खाणाऱ्याला हे आधीच सांगा. ही मांडणी रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाची. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शैवालतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, की कपात दूध आधी ओतलं की चहा, हे मला चवीवरून कळतं. फिशरने आठ कप मांडले, आणि 1935 च्या आपल्या पुस्तकात असाच प्रयोग उलगडून दाखवला. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता 70 मध्ये 1. सहा बरोबर आले तर टाळ्या वाजवू नका. सहा किंवा त्याहून जास्त बरोबर येणं 70 पैकी 17 वेळा नशिबानेही घडतं.

5. वाढणे. भरणारा वेगळा, वाढणारा वेगळा. भरणाऱ्याने वाट्यांच्या बुडाशी 417, 852 असे आकडे चिकटवावेत, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा आणि खोलीबाहेर जावं. वाढणाऱ्याला कुठल्या वाटीत काय आहे हे माहीत असेल तर त्याच्या आवाजावरून कळतंच. प्रत्येकी दोन चमचे, मध्ये साधं पाणी. बाकीच्यांनी गप्प बसावं, एक 'वा!' सुद्धा नको.

6. आता नाक दाबून. कोणी आठही बरोबर ओळखले तर त्याचीच दुसरी फेरी घ्या, आधी वाट्यांचा क्रम बदलून. जिभेला आंब्याचा गोडवा आणि आंबटपणा कळतो. हापूसपणा म्हणजे घशामागून नाकात चढणारा वास. मागच्या वर्षी आमच्या आत्याने आठपैकी आठ ओळखले, मलाही खोटं वाटलं. नाक दाबल्यावर चारच बरोबर आले. शेवटचा चमचा तोंडात असताना ती म्हणाली, 'हे नुसतं गोड पाणी गं!' मग तिने नाक सोडलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'आत्ता आला बघ. देवगडच.' वाटी उलटी करून पाहिली. देवगडच होता.