गल्लीतल्या छोट्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवताना

मोठ्या शहरातल्या एखाद्या निवांत गल्लीत दहा-बारा टेबलांचे इटालियन रेस्टॉरंट असते. तिथले स्वयंपाकघर लहान असते, हात मोजके असतात आणि बरेचसे पदार्थ मागणी आल्यावरच शिजायला घेतले जातात, हे ध्यानात ठेवून गेल्यास जेवण मनासारखे होते. टेबल आधी राखून ठेवावे, वेळेवर पोहोचावे आणि येणाऱ्यांची संख्या बदलली तर फोन करून कळवावे, कारण एवढ्या लहान जागेत एक रिकामे टेबलसुद्धा मालकाला जड जाते. पहिल्यांदा जात असाल तर शनिवारची रात्र टाळून आठवड्याच्या मधल्या वारी जरा लवकर जावे. वाढणाऱ्यांना बोलायला तेव्हा सवड असते.

मेनू उघडल्यावर दिसणारी नावे म्हणजे जेवणाचा क्रम असतो. सुरुवातीचे हलके पदार्थ म्हणजे अँतिपास्ती, त्यानंतर पास्ता किंवा रिसोत्तो (तांदळाचा सैलसर पदार्थ) म्हणजे प्रिमी, मग मांस किंवा मासे म्हणजे सेकोंदी, त्यासोबतच्या भाज्या म्हणजे कोंतोर्नी आणि शेवटी गोड म्हणजे दोल्ची. सगळेच मागवले पाहिजे असे मुळीच नाही. दोघांनी एक अँतिपास्ती वाटून घेऊन प्रत्येकी एक पास्ता घेतला, तरी जेवण पुरेसे होते. सेकोंदीच्या ताटलीत मात्र बहुधा मांस किंवा मासाच येतो, त्यामुळे भाजी हवी असल्यास ती वेगळी सांगावी. फळ्यावर खडूने लिहिलेले किंवा वाढणाऱ्याने तोंडी सांगितलेले त्या दिवसाचे पदार्थ लक्ष देऊन ऐकावेत. बाजारातून ताजे काय आले आहे, ते तिथेच कळते.

आचाऱ्याचा हात पारखायचा असेल तर माझ्या मते साध्यात साधा पदार्थ मागवावा, आणि त्यासाठी काचो ए पेपे या रोमच्या पास्त्यासारखा दुसरा पदार्थ नाही. त्यात पास्ता, पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचे चीज, काळी मिरी आणि पास्ता उकळलेले पाणी एवढेच असते. त्या पाण्यात उतरलेल्या स्टार्चमुळे चीज गुठळी न होता मिळून येते आणि प्रत्येक धाग्याला चिकटून राहते. चांगल्या ताटलीत तळाशी पाणी सुटलेले दिसत नाही, चीजचा गोळा काट्याला लागत नाही आणि मिरीचा वास ताटली समोर येताच जाणवतो. कार्बोनारा हा रोमचाच दुसरा पास्ता मागवणार असाल तर त्यात क्रीम आहे का, हे मोकळेपणाने विचारावे. रोमच्या पद्धतीत त्याचा मऊपणा अंडे आणि चीज यांतूनच येतो.

पास्ता समोर आला की थांबू नये. गप्पा किंवा फोटो यांत पाच मिनिटे गेली तरी तो सॉस शोषून घट्ट होतो, आणि दाताला किंचित लागणारा जो कस राखण्यासाठी आचाऱ्याने मिनिटे मोजलेली असतात, तो हातचा जातो. याउलट रिसोत्तोसाठी आपण थांबावे. तांदूळ शिजायलाच साधारण 18 ते 20 मिनिटे लागतात. तो फार लवकर आला तर आधीच अर्धवट शिजवून ठेवलेला असण्याची शक्यता असते. ताटली हलवल्यावर रिसोत्तो लाटेसारखा सरकला पाहिजे, ढीग होऊन बसता कामा नये.

शाकाहारी मंडळींनी इथे विशेष काळजी घ्यावी. पार्मिजानो रेजानो आणि पेकोरिनो रोमानो ही दोन्ही चीज प्राण्यांच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजली जातात, रिसोत्तोच्या पाण्यात मांसाचा अर्क असू शकतो, पुत्तानेस्का सॉसमध्ये अँचोव्ही हे लहान मासे बऱ्याचदा असतात आणि पाना कोत्ता ही सायीची गोड डिश सहसा प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनने घट्ट केलेली असते. तिरामिसू या कॉफीच्या गोड पदार्थात कच्चे अंडे असू शकते. मागणी देण्यापूर्वीच हे स्पष्ट विचारावे, कारण ताटली टेबलावर आल्यावर स्वयंपाकघराच्या हाती फारसे काही उरत नाही.

सुरुवातीला येणाऱ्या पावाने पोट भरू नये, पण एक तुकडा जरूर बाजूला ठेवावा. पास्ता संपल्यावर उरलेला सॉस त्या तुकड्याने पुसून खाण्याला इटालियन लोक ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात, आणि घरगुती वातावरणाच्या जागी त्यात संकोच करण्याचे कारण नाही. माशांच्या पास्त्यावर चीज मागू नये, त्याने माशाची नाजूक चव झाकली जाते. जेवणानंतर इटालियन रीतीने एस्प्रेसो घ्यावी. दुधाची कापुचीनो तिकडे सकाळची मानली जाते, तरी ती आवडत असेल तर अवश्य मागवावी.

बिल आपणहून टेबलावर आले नाही तर दुर्लक्ष झाले असे समजू नये. इटलीत पाहुण्याने मागेपर्यंत ते सहसा आणत नाहीत. मात्र दाराशी कोणी टेबलाची वाट पाहत उभे असेल, तर कॉफी संपताच बिल मागून जागा मोकळी करावी.