कशाने बरं वाटतं आणि कशाने डोकं फिरतं, हे स्वतःपुरतं कसं शोधायचं

मागच्या वर्षी मला सारखं वाटायचं नोकरीच सोडून द्यावी. कोणी विचारलं नक्की काय होतंय तर धड सांगताही यायचं नाही, नुसतं "कंटाळा आलाय". मग दोन आठवडे रोज लिहून काढलं आणि जे बाहेर आलं त्यात नोकरी फारशी नव्हतीच, म्हणून कसं केलं ते सांगते.

एक साधी वही घ्या. रात्री ओटा आवरून झाला की दिवसाचे तुकडे पाडायचे, म्हणजे उठल्यापासून डबे, स्टेशन, लोकल, ऑफिसातली पहिली मीटिंग, असे दहाबारा तुकडे होतात. प्रत्येकापुढे तीनच गोष्टी: काय करत होतात, बरोबर कोण होतं, कसं वाटत होतं. का वाटलं ते लिहू नका, कारण "का" आलं की आपण लगेच कोणाची चूक ते ठरवायला बसतो. ही पद्धत माझी नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली छापलेल्या अभ्यासात टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांकडून आदल्या दिवसाचे असेच तुकडे लिहून घेतले होते आणि कशात किती बरं वाटतं या क्रमात सकाळचा कामावर जायचा प्रवास अगदी तळाला आला होता. बदलापूरला रोज लोकलमध्ये चढणाऱ्या मला ते वाचून खरंच धीर आला, की हे फक्त आपलंच नाहीये.

आठवड्याचं एकदम रविवारी लिहू असं करू नका, आठवण फसवते. काहनेमन यांचाच १९९३ चा एक प्रयोग आहे, १४ अंशाच्या गार पाण्यात ६० सेकंद हात, आणि दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद पण वर अजून ३० सेकंद, फक्त त्यात पाणी हळूहळू १५ अंशापर्यंत आणलेलं. यातलं परत काय कराल विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळवालं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा बरा झाला होता. आपलंही तसंच होतं, दिवसभर सगळं ठीक गेलेलं असतं पण झोपताना मुलावर ओरडलो की तो अख्खा दिवस वाईट म्हणून लक्षात राहतो.

दोन आठवड्यांनी वही वाचा आणि दोन वेगळ्या पानांवर उतरवा, एका पानावर त्रासाचं, दुसऱ्यावर समाधानाचं. पानं वेगळीच हवीत आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग भागातल्या साधारण २०० इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून हेच मांडलं होतं, की माणूस वैतागतो ते कंपनीचे नियम, साहेब, पगार यावरून, पण खुश होतो ते काम जमलं, कोणी दखल घेतली यामुळे. म्हणजे त्रास काढून टाकला की समाधान आपोआप येतं असं नाही. त्यांच्या म्हणण्यावर पुढे बरेच वाद झाले, पण घरात मला तरी ते पटलं.

माझ्या त्रासाच्या पानावर चौदापैकी नऊ दिवस एकच गोष्ट होती, सकाळी डब्याचं झाकण न सापडणं. त्यावरून मुलाशी वाद, मग स्टेशनपर्यंत धावपळ, आणि तोच राग ऑफिसात पोचायचा. झाकणांना एक वेगळी टोपली केली आणि ते संपलं. सकाळ शांत झाली, पण आनंद झाला असं म्हणणार नाही, नुसती कटकट गेली.

समाधानाच्या पानावर मात्र जे होतं त्याने मीच चकित झाले. शनिवारी संध्याकाळी आईबरोबर वाल सोललेले. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकले की साल सैल होतं, मग दोन बोटांत जरा दाबलं की दाणा सुळकन बाहेर येतो, पाऊण तास आम्ही दोघी तेच करत होतो, मधे आई तिच्या माहेरचं काहीतरी सांगत होती, आणि फोन आत चार्जिंगला. वहीत फक्त "छान वाटलं, हात भिजलेले" एवढंच लिहिलंय. महाबळेश्वरच्या ट्रिपपुढेसुद्धा इतकं चांगलं काही लिहिलेलं नाही.

एखादी गोष्ट दोन्ही पानांवर आली तर बरोबर कोण होतं ते बघा, बऱ्याचदा फरक तिथेच सापडतो. आणि सगळ्याच तुकड्यांपुढे "काहीच वाटलं नाही" येत असेल, झोप आणि भूक गेली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा किंवा १४४१६ वर फोन लावा, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलीमानस सेवा आहे, फुकट आणि चोवीस तास चालू.

समाधानाच्या पानावरचं एक काहीतरी उचला आणि त्याला आठवड्यात वार ठरवून द्या, वेळ मिळाला की करू म्हटलं तर तो मिळत नाही. माझे वाल आता गुरुवारी रात्री भिजतात, शुक्रवारी सकाळी निथळून फडक्यात बांधते, आणि शनिवारी पाच वाजता आई स्वतःच परात घेऊन बसलेली असते.