ताटातल्या अन्नाचा हिशेब कसा मांडावा

आपल्या जेवणाचा पर्यावरणावर किती भार पडतो हे पाहू लागलो की भाजी किती लांबून आली, हाच प्रश्न बहुधा पहिल्यांदा सुचतो. सुरुवात तिथून करू नये. जगभरच्या शेतांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे २६ टक्के वायू अन्नव्यवस्थेतून येतात, पण त्यांत वाहतुकीचा वाटा अगदी लहान असतो. आपण काय खातो आणि किती फेकतो, याने अधिक फरक पडतो.

म्हणून आधी आठवडाभर ओट्याजवळ झाकणाचा एक डबा ठेवावा, उरलेसुरले टाकायचे ते त्यातच टाकावे आणि रात्री वजन करून वहीत लिहावे. आमच्या घरी असे केले तेव्हा सर्वांत जास्त निघाला भात आणि त्याखालोखाल काळा पडलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, कारण कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात तो स्वस्त मिळतो म्हणून आम्ही गरजेपेक्षा दुप्पट जुड्या उचलत होतो. आता तांदूळ माणशी वाटीने मोजूनच शिजतो. हे ओले अन्न कचऱ्याच्या ढिगात हवेविना कुजले की मिथेन हा हरितगृह वायू तयार होतो. तेव्हा जे उरेलच, त्याचे घरीच खत करावे.

दुसरे काम म्हणजे रात्रीच्या भाताऐवजी आठवड्यातून तीन-चार दिवस ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण ठेवावे. धानाच्या बांधीत पाणी साचून राहते आणि तिथेही मिथेन तयार होतो; ज्वारीला मात्र कमी पाणी पुरते, तर तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. भंडारा-गोंदियाच्या कितीतरी घरांची चूल धानावरच पेटते, त्यामुळे भात सोडावा असे मी म्हणणार नाही.

मांसाहाराचा प्रश्न अधिक अवघड आहे. बोकड रवंथ करतो आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातही मिथेन तयार होतो, त्यामुळे मटणाचा भार कोंबडीहून पुष्कळ जास्त असतो. पण एका बोकडाइतके मांस मिळवायचे तर कितीतरी कोंबड्या माराव्या लागतात, आणि त्यांतल्या बहुतेक दाटीवाटीने वाढवलेल्या असतात. हवामानाच्या दृष्टीने हलका पर्याय जिवांच्या दृष्टीने जड ठरतो. माझ्या मते मटण सोडून चिकन धरण्यापेक्षा मटणाचा सावजी रस्सा महिन्यातून एकदाच करावा आणि तो मनापासून खावा. शाकाहारी घरांनीही इथे थांबून विचार करावा, कारण एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागते आणि ते दूध देणारी म्हैसही रवंथ करणारीच असते.

संत्री घेताना सालीवरचे डाग पाहून फळ बाजूला सारू नये. साल सोलून पाहिली तर फोडी तितक्याच रसाळ निघतात, आणि असे फळ नाकारले गेले की त्यासाठी बागेत वर्षभर दिलेले पाणी आणि राबलेले हात दोन्ही वाया जातात.